किती दाट घालू?

वाकळ घेऊन येणारं गिऱ्हाईक दोन गोष्टी विचारतं: किती दिवसांत देणार आणि किती घेणार. दोन्हींची उत्तरं माझ्याकडे तयार असतात. तिसरी गोष्ट ते विचारत नाही, सांगतं, तीही पायऱ्या उतरता उतरता मागं वळून. "आणि दादा, जरा दाट घाला हं." दाट म्हणजे टाक्याच्या ओळी जवळजवळ. माझ्या धंद्यातली जवळजवळ सगळी वादावादी या एका वाक्यातून निघते.

मी नेमकं काय करतो ते आधी सांगतो, कारण कोल्हापुरात ते सांगावंच लागतं. मी कपडे शिवत नाही आणि वाकळही जोडत नाही. तुकडे जोडून तयार झालेलं वरचं कापड, म्हणजे टॉप, लोक मला आणून देतात. त्याखाली कापसाचं वॅडिंग, म्हणजे मधली भरण, आणि सगळ्यात खाली अस्तर. हे तीन थर एकमेकांना धरून राहावेत म्हणून आरपार जो टाका घालायचा, तेवढं माझं काम. अमेरिकेत 1980 च्या दशकापासून हा स्वतंत्र धंदाच झालेला आहे. टॉप एकीनं घरी जोडायचा आणि टाक्यासाठी दुसरीकडे द्यायचा. कारण साधं आहे. घरच्या शिलाई मशीनमध्ये सुई आणि मागचा खांब यांच्यामध्ये सहा-सात इंचांची जागा असते. तेवढ्यातून डबलबेडची रजई गुंडाळून, दाबून, ढकलून शिवायची तर खांदे जातात, आणि तरीही खालचं अस्तर कुठंतरी चुणतंच. मी चालवतो त्या लांब हाताच्या, म्हणजे लाँगआर्म मशीनमध्ये ही जागा अठरा ते सव्वीस इंच असते. शिवाय इथं कापड हलत नाही, मशीन हलतं. दहा-बारा फुटांची चौकट, तिच्यावर रूळ, रुळांवर चाकांचं मशीन. हँडल धरून ते आडवं-उभं फिरवायचं. अस्तर आणि टॉप वेगवेगळ्या रोलरवर ताणलेले असतात, मधलं वॅडिंग सैल सोडलेलं. चाकांजवळचे सेन्सर मशीन किती सरकलं ते मोजतात आणि सुई त्या हिशोबानं चालते. त्यामुळं हात हळू चालला काय किंवा झरझर चालला काय, टाक्याची लांबी तीच राहते.

मी या धंद्यात सुईकडून आलो नाही, बेअरिंगकडून आलो. शिवाजी उद्यमनगरात लेथवर ऑइल इंजिनचे सुटे भाग करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. तिथं कुणाचंतरी बंद पडलेलं लाँगआर्म दुरुस्तीला आलं, ते चालू झालं, आणि चालू झाल्यावर मालकाला ते नकोसं झालं. उरलेली गोष्ट लांबवत नाही. एवढंच सांगतो की अशा मशीनचा एखादा भाग परदेशातून मागवायचा तर महिना मोडतो, आणि उद्यमनगरात तोच भाग नमुना दाखवून संध्याकाळपर्यंत करून मिळतो. या एका सोयीवर माझा धंदा टिकून आहे.

तर, दाट.

लोक दाट का मागतात हे समजायला मला वेळ लागला. मला वाटायचं, पैसे देतोय तर जास्त टाके घालून घेऊ, असा तो हिशोब असावा. थोडा असतोही. पण त्याचं मूळ जुन्या वाकळेत आहे. जुनी वाकळ वापरून विरलेल्या लुगड्यांची असते. चार-पाच थर, त्यातला एकही धड नाही. कुठं पाठीवर घासून जाळी झालेली, कुठं निऱ्यांच्या घडीवर फाटलेलं. अशा कापडाला स्वतःची ताकद उरलेली नसते. त्याला उभं धरतो तो दोरा. अर्ध्या-अर्ध्या इंचावर धावदोऱ्याच्या ओळी घातल्या की विरलेलं कापड दोऱ्यांच्या त्या जाळ्यात अडकून राहतं, आणि वरचं लुगडं झिजून गेलं तरी वाकळ अंगावर राहते. म्हणून बायका वाकळ बघताना आधी पालथी करतात, ओळी बोटानं मोजतात आणि मग नक्षीकडं वळतात. दाट टाका हे हिकडं चांगल्या हाताचं लक्षण आहे, आणि ते बरोबरच आहे.

एकदा मी बसून गणित केलं. साडेचार बाय साडेसहा फुटांची वाकळ घ्या, म्हणजे 54 बाय 78 इंच. अर्ध्या इंचावर ओळी घातल्या तर टाक्याची एकूण लांबी होते 214 मीटर. हातानं इंचाला सहा टाके धरले तर पन्नास हजारांवर टाके. तीच वाकळ तीन इंचांवर ओळी घालून केली तर दोऱ्याची वाट 36 मीटरांत संपते. हा आकडा कळल्यापासून रस्त्यावरून "वाकळ शिवायची का" म्हणत जाणाऱ्या बायकांशी घासाघीस करणाऱ्या लोकांचा मला राग येतो.

आता नवी रजई घ्या. टॉप नव्या सुती कापडाचा, अस्तर नवं, मधे वॅडिंग. यातलं काहीच विरलेलं नाही, त्यामुळं दोऱ्यानं कापडाला सावरायची गरज नाही. दोऱ्याचं काम फक्त थर सरकू न देण्याचं. ऊब येते ती वॅडिंगच्या तंतूंत अडकलेल्या हवेमुळं. अर्ध्या इंचावर टाका घातला की ती हवा दाबून बाहेर काढली. रजई पातळ होते, पुठ्ठ्यासारखी ताठ होते, अंगाभोवती पडत नाही, अंगावर उभी राहते. शिवाय दाट टाक्यानं कापड आत ओढलं जातं, चारी बाजूंनी इंच-दोन इंच सहज कमी होतं. म्हणजे गिऱ्हाईक जास्त पैसे देऊन लहान, ताठ आणि थंड रजई घरी नेतं. हे मी सांगतो. लोक मान डोलावतात आणि म्हणतात, "तरी पण दादा, फार विरळ नको."

तरी पण, हे त्यांचंही खरं आहे. विरळ किती चालेल ते वॅडिंगवर ठरतं. सुयांनी ठोकून घट्ट केलेलं सुती वॅडिंग आठ-दहा इंच मोकळं सोडलं तरी तुटत नाही. गादीवाल्याकडून पिंजून आणलेला कापूस घातला असेल तर दोन-तीन इंचांच्या आत टाका हवाच, नाहीतर पहिल्या धुण्यात सगळा कापूस एका कोपऱ्यात जाऊन बसतो. शिवाय परदेशी पाकिटावर छापलेला आठ-दहा इंचांचा आकडा ज्यांनी ठरवला, त्यांनी आमचं धुणं बघितलेलं नाही. घटस्थापनेच्या आधी कोल्हापुरात काय होतं ते बघायला पंचगंगेच्या घाटावर नाहीतर रंकाळ्याच्या धुण्याच्या चावीवर जावं. घरातलं होतं नव्हतं ते सगळं अंथरूण-पांघरूण बाहेर निघतं. वाकळ भिजवतात, दगडावर आपटतात, दोघी दोन टोकं धरून पिळतात. भिजलेली वाकळ एकटीला उचलत नाही. आणि घरच्या वॉशिंग मशीनचा ड्रम म्हणजे तरी काय, दुसऱ्या प्रकारचं आपटणंच. म्हणून पाकिटावर आठ लिहिलेलं असलं तरी मी तीनच्या पुढं जात नाही, आणि लहान मुलांच्या दुपट्याला दोनच्या पुढं. यामागं शास्त्र किती आणि घाटावर बघितलेलं किती, ते मला वेगळं करता येणार नाही.

आता गंमत अशी की जुन्या लुगड्यांना दाट टाका चांगला, हे हातापुरतं खरं आहे. मशीनला ते लागू पडत नाही. हाताची सुई बारीक असते, धावदोरा एकेरी असतो, दोन टाक्यांत मोकळी जागा असते, आणि सुई घालणारीच्या बोटांना कापडाचं नाजूकपण कळतं. जिथं जाळी आहे तिथं ती नकळत बाजूला घालते. माझं मशीन मिनिटाला हजारावर टाके घालतं, सुई जाड असते आणि प्रत्येक टाक्याला भोक पडतं. विरलेल्या नऊवारीवर इंचाला बारा टाके घालत सरळ ओळ नेली की पोस्टाच्या तिकिटांना मधे भोकं असतात तशी ती ओळ तयार होते, आणि चार धुण्यांनंतर कापड तिथंच नेमकं फाटतं. म्हणून जुन्या कापडासाठी मी बारीक सुई लावतो, टाका लांब करतो, इंचाला सात-आठवर आणतो, आणि ओळी सरळ न घालता वळणाच्या घालतो, म्हणजे ताण एकाच रेषेत येत नाही. भोकं फारच असतील तर वर आडव्या दोऱ्यांनी एक पातळ मलमल टाचून घेतो, नाहीतर सुईबरोबर उड्या मारणारा मशीनचा पाय भोकात अडकतो आणि मग जे होतं ते लिहवत नाही. जरीचा काठ आला की वेग निम्मा करायचा. जरीची तार दोरा कापते. खणाचे तुकडे आले तर आधी शिवण किती आत धरलीय ते बघायचं. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खण दिसायला घट्ट, पण कडेला सुटतो. पाव इंचाची शिवण असेल तर मी आल्या पावली परत देतो. ताणावर चढवलं की तो उसवणारच.

परत देतो म्हणालो त्यावरून आठवलं, चौकटीवर चढवण्याआधीचं काम हे अर्धं काम आहे आणि त्याचे कुणी पैसे देत नाही. अस्तर टॉपपेक्षा चारी बाजूंनी चार इंच मोठं लागतं, कारण कडेला क्लिपा लावून ते ताणायचं असतं. सांगूनही लोक बरोब्बर टॉपच्या मापाचं अस्तर कापून आणतात. "वाया कशाला घालवायचं?" लाल-किरमिजी कापड दिसलं की मी ओला पांढरा रुमाल त्यावर घासतो. रंग आला की आधी धुऊन आणा. सगळ्यात अवघड कडा. हातात जोडत जोडत गेलेल्या टॉपची कड मधल्या मापापेक्षा लांब होते, लाटा पडतात. गिऱ्हाईकाला वाटतं टाक्यात त्या जिरतील. थोड्या जिरतात. फार असतील तर चुणीच शिवली जाते. अस्तराचं कापड मात्र आमच्या भागात सुखाचं. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला तेव्हा पुढं कोल्हापुरात कुणीतरी लाँगआर्म चालवणार आहे याचा विचार त्यांनी केला नसावा, पण रुंद पन्ह्याचं सुती कापड मला तासाभराच्या अंतरावर मिळतं आणि अस्तराला मधे जोड द्यावा लागत नाही. जोड असला की रोलरवर गुंडाळताना तेवढीच जागा जाड होत जाते आणि बाकीचं कापड सैल पडतं. घाऊक घ्यायचं असेल तर कोल्हापूरशेजारची गांधीनगरची बाजारपेठ आहेच.

राजारामपुरीतल्या एक काकू माझ्या ठरलेल्या गिऱ्हाईक. निवृत्त झाल्यावर व्हिडिओ बघून तुकडेकाम शिकल्या, आणि जोडण्यात त्यांचा हात माझ्या माहितीत कुणाला नाही. टोकाला टोक असं मिळतं की मला शिवण शोधावी लागते. पण टाक्याच्या बाबतीत आमचं जमत नाही. त्यांना परदेशी प्रदर्शनांतल्या फोटोंसारखी नक्षी पाहिजे, पिसं, वेलबुट्ट्या, मधल्या जागेत बारीक खडीसारखा टाका. मी करू शकतो, पैसेही तिप्पट मिळतील. पण त्यांनी आठ महिने खपून जोडलेल्या रंगांवर माझी पिसं चढली की बघणाऱ्याची नजर आधी पिसांवर जाते. मी त्यांना म्हटलं, काकू, लोक माझं कौतुक करतील, तुमचं नाही. त्या म्हणाल्या, "मग तुझं नाव घालू की कोपऱ्यात." त्या रजईवर शेवटी साध्या तिरक्या रेषा घातल्या. दोन महिने त्या माझ्याशी तुटक बोलत होत्या. रजई त्यांनी धुतली, सुती वॅडिंग थोडं आकसलं, रेषांमधला भाग किंचित फुगून वर आला. तेव्हा फोन आला तो वेगळीच तक्रार घेऊन: "अरे, चुरगळलीय सगळी, इस्त्री चालते का?" तिकडं परदेशात याच चुरगळलेपणासाठी लोक मुद्दाम असलं वॅडिंग शोधतात. मी सांगितलं, इस्त्री करू नका. केली असणार.

आणि प्रयाग चिखलीच्या एक आजी. त्या सुनेला घेऊन आल्या, चादरीत बांधलेली वाकळ खाली ठेवली आणि गाठ सोडायच्या आधीच म्हणाल्या, "ही म्या निम्मी घातलीया. हितनं म्होरं तू घाल."

उघडून बघितली. लुगड्यांचे पाच थर, वर इरकलीचे पट्टे, मधे मधे नातवंडांच्या सदऱ्यांचे चौकोन. आमच्याकडं बहुतेक वेळा कडेनं सुरू करून गोल गोल आत जातात, तशीच त्यांनी चारी बाजूंनी आत नेली होती. मधे दोन बाय तीन फुटांचा भाग राहिला होता. 2019 च्या पुरात चिखलीतली माणसं बाहेर काढली तेव्हा ही वाकळ माळ्यावर होती म्हणून वाचली. त्यानंतर बोटांच्या सांध्यांनी घात केला. सुई थरातून पलीकडं जाईना.

लाँगआर्मसाठी यापेक्षा वाईट काम शोधून सापडणार नाही. मी नेहमी एका टोकाकडून सुरू करतो, थर वेगवेगळे ताणतो, आणि जास्तीचं कापड टाका पडत जाईल तसं खाली सरकवत शेवटच्या कडेतून बाहेर काढतो. इथं चारी कडा बंद. थर आधीच एकमेकांना शिवलेले, वेगळे ताणायची सोय नाही. आणि कडेनं आत येणाऱ्या हातानं पाचही थरांतलं थोडं थोडं जास्तीचं कापड मधे ढकललेलं, तिथं फुगा आलेला. हातानं शिवणारी बाई हा फुगा रोज तळहातानं पसरत पसरत जिरवते. माझ्या मशीनला तळहात नाही.

मी म्हटलं, आजी, थोडं उसवून घेऊ, मग नीट बसेल.

"माझा टाका उसवायचा न्हाई."

मग किती दाट घालू, हा माझ्या मनातला नेहमीचा प्रश्न पहिल्यांदाच मला गिऱ्हाईकाला विचारावा लागला. त्यांनी वाकळेवरून बोट फिरवलं, स्वतःच्या दोन ओळींमधलं अंतर दाखवलं. ते सगळीकडं सारखं नव्हतं. सुरुवातीला अर्धा इंच, आत आत येताना पाऊण, शेवटी शेवटी एक. बोटं दुखायला लागली ती कुठून, ते तिथं वाचता येत होतं. म्हणाल्या, "माझ्यापरीस दाट घालू नगंस. माझा गबाळा दिसंल."

मी घरी हे सांगितलं तेव्हा बायको हसून हसून वाकली. मला मात्र ते फार हुशारीचं वाटलं. दाट मागणाऱ्या सगळ्या गिऱ्हाइकांत त्या एकट्या अशा होत्या ज्यांनी स्वतः पन्नास हजार टाके घातले होते, आणि शेजारी काय बसलं तर आपलं काम कसं दिसेल याचा विचारही त्यांनीच केला.

काम असं केलं. वाकळेच्या कडेला जुन्या चादरीच्या पट्ट्या टाचल्या आणि सगळी वाकळ एकच थर असल्यासारखी चौकटीवर चढवली, ताण नावापुरता. मधल्या फुग्याला आधी कच्च्या दोऱ्यानं मधोमध एक उभी आणि एक आडवी ओळ घातली, मग प्रत्येक चौथाईचे पुन्हा तसेच चार भाग. फुगा जात नाही, पण वाटला जातो. एका जागी चार बोटं उभा होता तो सोळा जागी विभागला की डोळ्याला दिसेनासा होतो. मग सेन्सर चालू ठेवून, मशीन आपोआप फिरवणारा संगणक बंद करून, हातानं हँडल धरून आजींच्या शेवटच्या ओळीच्या आतून एक इंच अंतर ठेवत फेरी घातली. संगणकाला दिलं असतं तर त्यानं सरळ आयत काढला असता. आजींच्या ओळी कोपऱ्यात गोलाई घेत होत्या आणि एका बाजूला हळूहळू तिरक्या होत गेल्या होत्या, बहुतेक त्या भिंतीला टेकून बसत असाव्यात आणि उजवीकडं हात कमी पोचत असावा. मीही तिरका गेलो. टाका इंचाला सात. दोरा सुती, बिनचकाकीचा, नेहमी वापरतो तो पॉलिएस्टर नाही. पॉलिएस्टर मजबूत असतो, पण जुन्या लुगड्याहून दोरा बळकट झाला की ओढाताणीत लुगडं हरतं.

न्यायला आल्या तेव्हा आजींनी वाकळ आधी पालथी केली. बराच वेळ बघितलं. मशीनच्या टाक्यात वरून एक आणि खालून एक असे दोन दोरे एकमेकांत अडकतात, त्यामुळं तो हातापेक्षा थोडा ताठ लागणारच. आजींच्या ते लगेच हाताला लागलं.

"मधी टनक झालीया."

म्हटलं, दोन धुण्यांत मऊ पडेल.

"बघू," म्हणाल्या, आणि पैशांवर आल्या. मी चौरस फुटावर घेतो. आजींचं म्हणणं, निम्म्याहून जास्त त्यांनीच घातलंय तर मी सगळ्या वाकळेचे कसे लावले. मी सगळ्या वाकळेचे लावले नव्हते, फक्त मधल्याचे लावले होते, वर चढवण्याचे थोडे. चढवणं म्हणजे काय हे त्यांना समजावता आलं नाही. सांगितलेल्यातले पन्नास रुपये कमी देऊन त्यांनी बटव्याची नाडी ओढली.

सून मागं रेंगाळली. घरी अजून सात-आठ लुगडी आहेत, म्हणाली, त्यांची नवी करून मिळेल का? म्हटलं, जोडून आणा, टाका मी घालतो. तिला जोडायचं येत नव्हतं. "आत्यांनाच विचारते. जोडायला काय, बोटाला तेवढा जोर लागत नाही." खालून आजींची हाक आली, वडापची गाडी भरत आली होती. मी जिन्यातून ओरडून सांगितलं, श्रावणाच्या आत आणा, दिवाळीच्या तोंडावर आणली तर संक्रांतीशिवाय मिळायची नाही. आणि लुगडी आधी धुऊन, रंग बघून.